उतरणीची श्रेणी

“वहिनी, ही वाट आता तेवढी अवघड राहिलेली नाही,” अध्यक्ष फळ्यावरचा आकडा गिरवत म्हणाले. “बाहेरच्या हिशेबानं चौथी श्रेणी. आपणच सहावी धरून बसलोय.”

गिर्यारोहण मंडळाच्या वाटांचं पुस्तक नव्यानं निघणार होतं. वहिनी मंडळात सर्वांत जुन्या. पाठपिशव्या शिवून त्यांनी दोन मुली वाढवल्या. ही वाट पहिल्यांदा चढले ते त्यांचे यजमान, आणि परतताना सुट्या दगडांवरून घसरून गेले तेही तेच. अध्यक्ष तेव्हा त्यांचे धाकटे सोबती.

जुन्या पद्धतीत अख्खा डोंगर मोजत: लांबी, बर्फ, दगड, परतीची वाट. बाहेरच्या ह्या नव्या पद्धतीत सर्वांत अवघड एका टप्प्याला आकडा दिला की झालं. वहिनींचं डोकं सकाळपासून तडकलं होतं. सोप्या वाटेवर माणूस मेला, म्हणजे चूक मेलेल्याचीच. आणि पुस्तक वाचून उद्या कोणीही हात हलवत तिथं जाणार.

“तिथून खाली किती जण उतरलात?” त्यांनी विचारलं.

पलीकडच्या अंगानं रोपवे झाल्यापासून सगळे त्यातूनच परतत.

“काकू, रोपवे असताना गुडघे कोण फोडून घेईल?” चिटणीस पोरगी म्हणाली. दोघं-तिघं हसले.

“वारा सुटला की तो बंद पडतो. तेव्हा तुझा आकडा उतरवणार का तुला?”

चौथ्या श्रेणीसाठी मत द्यायची वेळ आली तेव्हा त्या पोरीचाच हात सर्वांत आधी वर गेला. मग बाकीच्यांचे. शेवटी, मान खाली घालून, अध्यक्षांचाही. वहिनी त्या हाताकडे बघत राहिल्या. यजमानांना खाली आणताना झोळीचं एक टोक त्याच हातात होतं.

“पहिली चढाई म्हणून ह्यांचं नाव छापणार असाल?”

“म्हणजे काय वहिनी, मानानं छापू.”

“छापू नका. तुम्ही मोजलीत ती वाट ह्यांनी कधी पाहिलीच नव्हती.”

त्यांनी पर्स काखेत मारली. अध्यक्ष लगबगीनं पुढे झाले, लिफ्टचं दार धरून उभे राहिले. वहिनी त्यांच्यासमोरून जिन्याकडे गेल्या. भिंतीला हात लावून, अंग आडवं करून, आधी दुखरा पाय खाली टाकत त्या उतरू लागल्या.

वर लिफ्टचं दार पुन्हा पुन्हा मिटायला बघत होतं. मध्ये अध्यक्षांचा हात होता.