मांडीखालचे हात

रेनाटाने वीस वर्षं अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना कपडे चढवले होते, चार मिनिटांत एक माणूस. आता सेहेचाळिसाव्या वर्षी ती ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवण्याची, डॉक्टरेट करत होती आणि तेच चपळ हात तिला नडत होते. पेशंट जरा अडला की ते आपोआप पुढे जायचे. "पेशंटचं काम पुन्हा तुम्ही केलंत, तर यंदा पास करणार नाही," तिचं प्रशिक्षण बघणाऱ्या नोरीन मॅडमनी कालच बजावलं होतं.

म्हणून आज ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. समोर अर्धांगवायूतून उठलेले कुक्कोनेन आजोबा शर्टाची बटणं लावत होते. बटण सटकलं की शिव्या घालत होते.

"दगड आहेस का गं? लाव की!"

"नाही लावणार. चालू द्या, मला घाई नाही."

पाऊण तासाने शेवटचं बटण लागलं. रेनाटा घरी जायला उठली आणि स्वतःच्या कोटाची बटणं लावू लागली; पण हातांना मुंग्या आलेल्या, एकही लागेना.

आजोबांनी आपला धड हात मांडीखाली सरकवला.

"चालू दे, डॉक्टरीणबाई. मला घाई नाही."