पडती कात्री

उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, या दोन बोटांना वाकवणाऱ्या आतल्या शिरा दुकानाच्या खिडकीच्या काचेनं कापल्या. काचवाला येईपर्यंत थांबायला काय झालं होतं? पण नाही, या शिंपी मास्तरांना घाई. तडकलेली काच मी स्वतःच काढायला गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

सर्जननं दोन तास खपून शिरांची तुटकी टोकं शिवली. "तुमच्याच धंद्यातलं काम केलंय," तो हसून म्हणाला. "फक्त माझा टाका बारा आठवडे जपा. काही धरायचं नाही, उचलायचं नाही. चहाचा कपसुद्धा नाही." मी मान डोलावली. एकतीस वर्षं या हातानं कापड कापलं होतं. त्यापुढे बारा आठवडे म्हणजे किस झाड की पत्ती.

मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टिकचा साचा बांधलेला. दिवसातून पाच वेळा तो सोडायचा, डाव्या हातानं उजवी बोटं वाकवायची, पुन्हा बांधायचा. बाकी वेळ स्टुलावर बसून बायकोवर ओरडायचं. कापायला आता ती उभी राहत होती. वीस वर्षं तिनं काजं केली, हुक लावले, पण मोठ्या कात्रीला कधी हात लावला नव्हता, कारण मी लावू दिला नव्हता.

"खांदा वाकडा गेला. डोळे कुठे आहेत तुझे?"

"कापडावर. तुमचे माझ्यावर आहेत म्हणून हात थरथरतो."

हात बंद पडला आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. तिनं तोही सहन केला.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी साचा सोडून बोटं वाकवत बसलो होतो. तिनं खडू घ्यायला म्हणून कात्री टेबलाच्या अगदी कडेला ठेवली. ती घसरली. बायको नुसती बघत राहिली.

कात्री जमिनीवर पडू द्यायची नाही, हे मला वडिलांनी शिकवलं होतं. "आपण पडलो तर उठतो," ते म्हणायचे. "कात्री पडली की तिचं टोक वाकतं, मग ती कापड चावते." लहानपणापासून एकदाही पडू दिली नव्हती. माझा उजवा हात मला विचारायला थांबला नाही. कात्री मी अधांतरीच धरली.

तळहातात टच्च झालं, शिवताना दोरा तुटावा तसं. फारसं दुखलं नाही.

"बाई गं, वाचली!" बायको म्हणाली. ती कात्रीबद्दल बोलत होती.

मी साचा पुन्हा बांधला. आठ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. डाव्या हातानं वाकवलं की मधलं बोट वाकायचं, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. आपल्या जोरावर ते वाकत नाही, हे मला एकट्यालाच ठाऊक. सांगितलं तर खरं होईल, अशी भीती वाटत होती. इतका भित्रा मी कधी नव्हतो.

नवव्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आज आधार न देता मिटा बरं." शेजारचं बोट अर्धवट मिटलं. मधलं काठीसारखं ताठ राहिलं.

"काही धरलं होतंत का?"

"नाही."

"मास्तर, खरं सांगा."

"कात्री."

सर्जन या वेळी हसला नाही. "त्याच दिवशी आला असतात तर पुन्हा शिवून बघितलं असतं. आता शिरेचं तुटलेलं टोक आत ओढलं गेलंय." अजून दोन ऑपरेशनं, मध्ये काही महिने, आणि मनगटाकडची दुसरी शीर काढून इथे बसवायची. "तरी कात्री चालवाल असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला.

दुकानात आलो तेव्हा बायको कोट कापत होती. खांद्याची रेघ सरळ गेली होती. मला नावं ठेवायलासुद्धा जागा राहिली नव्हती.

"काय म्हणाले?"

"वेळ लागेल."

"लागू दे की." ती कात्री ठेवून खडूनं खूण करायला वाकली.

मी डाव्या कोपरानं कात्री कडेकडे ढकलली. जिला एकतीस वर्षं पडू दिली नाही, तिला एकदा पडताना बघायचं होतं.

तिनं मान वरसुद्धा केली नाही. तिचा हात सर्रकन गेला आणि त्यानं कात्री मुठीकडून बरोबर पकडली.

"अहो! टोक वाकलं असतं म्हणजे? मग कापड कोण कापणार होतं, तुम्ही?" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"नाही," मी म्हणालो. "मी आता कधीच नाही."

तिनं कात्री टेबलाच्या मधोमध ठेवली. माझा साचा सोडला, मधलं बोट हळूच मिटवलं आणि सोडून दिलं. ते तसंच सरळ झालं. तिनं पुन्हा मिटवलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा मिटवलेलं मात्र तिनं सोडलंच नाही, तसंच धरून ठेवलं.