हलका ठोका

"तुम्ही इथे हात धुताय, मग पलीकडे ठोकतंय कोण?" बायकोनं विचारलं.

मिस्त्री जेवायला घरी आला होता. काम चाललं होतं ती मोकळी जागा त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच होती. इमारत बांधण्याआधी जमिनीत भोक पाडायचं, त्यात लोखंडी दांडा उभा करायचा, वरून घण सोडायचा आणि दांडा किती ठोक्यांत किती खाली जातो ते बघायचं. ठोके जास्त लागले तर जमीन घट्ट, नाहीतर पोचट. मिस्त्रीचा उभा जन्म यातच गेला होता.

कोणी ठोकत नाहीये, माझ्या हाताखालचा तुझा भाऊसुद्धा तिकडे डबा उघडून बसलाय, असं त्यानं सांगितलं. पण ही कुठली ऐकायला! फरशीवर तळहात टेकवून बसली होती, आणि सकाळपासून तिचं एकच पालुपद: तुमचे ठोके थांबले की खालून एक हलका ठोका येतो.

हलका ठोका हे त्यांच्या मुलाचं खूळ होतं. तोही बापाच्याच कामात होता. मोजणी संपली की घण जरासा उचलून उगाच एक ठोका द्यायचा, जमिनीचा निरोप घेतो म्हणायचा. मोजणीत घोळ होईल म्हणून मिस्त्री त्याच्यावर खेकसायचा, पण पोरगं बापासारखंच हट्टी. मग एकदा दूरच्या गावी तो पायाच्या खोल खड्ड्यात उतरला आणि कडा ढासळली. किती दिवस माती उपसली, पण तो सापडला नाही तो नाहीच.

"अगं, ते गाव कुठं आणि आपण कुठं," मिस्त्री समजुतीनं म्हणाला.

"गावं वरती वेगळी. खाली जमीन एकच ना?"

तो उठून कामावर गेला.

दुपारी मोजणी झाल्यावर, खाली काही नाही असं बायकोला सांगता यावं म्हणून, त्यानं दांड्यावर हात ठेवला. घण बाजूला टेकवलेला, मेव्हणा लांब पाणी पीत उभा. दांडा एकदाच, हलकेच थरथरला. आणि मग वर काही भार नसताना दांडा आपोआप खाली जाऊ लागला. चिखलात दांडा स्वतःच्या वजनानं बुडतो, हे त्यानं पाहिलं होतं. पण इथे तर जमीन इतकी घट्ट की आत्ताच घण उलटा उसळत होता. शिवाय हा बुडत नव्हता, कुणी हाताला धरून न्यावं तसा सावकाश चालला होता. मेव्हणा धावत आला, दोघांनी लोखंडी पाने लावून धरला तेव्हा कुठे थांबला.

"दाजी, हे साहेबांना काय सांगायचं?" मेव्हण्यानं विचारलं.

साहेबांना फोनवर नवल वाटलं नाही. खाली जुनी पोकळी असेल, संध्याकाळपर्यंत सिमेंट कालवून भोक बुजवा, म्हणाले. साहेबांना कधी नाही न म्हणणारा मिस्त्री आज अडला, एक दिवस राहू द्या म्हणाला. उघड्या भोकात कुणाचा पाय गेला तर, असं त्यांनी विचारलं. आयुष्यभर मिस्त्री स्वतः हेच बजावत आला होता.

बायको आकांत करेल या भीतीनं त्यानं घरी जाऊन चाचरत सांगितलं. बुजवल्यावर आवाज येईल का, एवढंच तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. ती बराच वेळ फरशीवर हात ठेवून बसून राहिली, मग उठून त्याच्यामागून बाहेर आली.

मेव्हण्यानं पातळ सिमेंटची बादली उचलली होती. ती तिनं त्याच्या हातातून घेतली.

"मी ओतते."

मिस्त्रीनं मान डोलावली. आत्तासुद्धा कुणी विचारलं असतं तर त्यानं जुनी पोकळी आहे असंच छातीठोकपणे सांगितलं असतं. पण तिनं बादली कलती केली, राखाडी सिमेंट काठाशी आलं, आणि त्याचा हात झटकन पुढे गेला.

"हळू गं," तो म्हणाला. "एकदम अंगावर पडेल त्याच्या."

तिनं बादली आणखी खाली धरली. दोघांनी मिळून बारीक धार सोडली.