खालची दोरी

“आई, सगळ्यांच्या पडद्यांना वरती एकच दोरी असते. आपल्या पडद्यांना खालीही का गं?”

विचारलं आणि नलिनी स्वतःच घाबरली. स्नेहसंमेलनात भाषण ठोकून बक्षीस आणल्यापासून तिची जीभ भलतीच सैल सुटली होती. वर्गातल्या मुलींनी नेमकं तेच हेरलं. तुमच्या आतल्या खोलीचा पडदा वाऱ्यानंसुद्धा हलत नाही, ढोलासारखा ताणलेला असतो, असं त्या म्हणाल्या होत्या. “स्टेजवर तर फार बोलतेस,” वसुधानं डिवचलं होतं, “हिम्मत है तो घर पे पूछ.”

उत्तर नलिनीला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त तो प्रश्न मोठ्यानं कुणी विचारायचा नव्हता.

आई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. आप्पा नुकतेच ऑफिसातून आलेले. बुटाची नाडी सोडता सोडता त्यांचा हात थांबला.

आतल्या खोलीत सुचेताताई होती. नागपुरात तिचा साखरपुडा झाला आणि थोड्याच दिवसांत खोकल्यातून रक्त पडलं. मुलाकडच्यांनी अंगठी परत नेली, साडी तेवढी नेली नाही. डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं, खिडक्या उघड्या ठेवा, हवा आणि ऊन हेच अर्धं औषध. त्याच सुमारास नवं राज्य झालं, नागपूरचं सेक्रेटरिएट भोपाळला हललं, आणि कारकून नरहर पांढरीपांडे, म्हणजे आप्पा, बिऱ्हाड घेऊन जवाहर चौकाजवळच्या सरकारी क्वार्टरात आले. इथं ओळखीचं कुणी नव्हतं. आईला तेच बरं वाटलं.

पडद्यांचं विकतचं कापड परवडण्यासारखं नव्हतंच. आईनं जुनी लुगडी फाडली. दिव्याच्या उजेडात सावली दिसू नये म्हणून कापड दुहेरी घेतलं, वर नेफा, खाली नेफा, दोन्हींतून सुतळी, आणि चारी टोकांना खिळे. आतल्या खिडकीला लुगडं पुरेना, तेव्हा ताईनं साखरपुड्याची हिरवी साडी काढून दिली आणि अंथरुणात बसून टीपही स्वतःच घातली. शेजारच्या मिश्राइन त्या पडद्याचं कोण कौतुक करतात. आप्पा ऑफिसात एकच मुलगी सांगतात.

“तुझ्यासाठीच ना ते,” आई शेवटी तांदळांकडे बघत म्हणाली. “उद्या मोठी झालीस की तुला बघायला येतील. घरात क्षय आहे म्हटल्यावर कोण उंबरा चढेल? आणि हे शेजारी तरी राहू देतील?”

“हळू बोल,” आप्पा म्हणाले.

आतून खोकला आला. उशीत तोंड दाबून खोकायची ताईला सवय झाली होती. आवाज जमिनीखालून आल्यासारखा यायचा.

नलिनी उठून आत गेली. खालच्या दोरीची गाठ आईच्या हातची, वर्षभरात पार दगड झालेली. तिनं ती दातांनी सोडवली. सुतळी ओढली तसा पडदा सुटला, फुगला, आणि उतरतं ऊन थेट अंथरुणावर आलं. ताईनं डोळ्यांवर हात धरला. नलिनी रोजच बघायची तो हात. उजेडात आज पहिल्यांदाच बघितला.

बऱ्याच वेळानं ताईनं बोटं जरा फाकवली.

“समोर चिंच आहे, नली?”

“हो. पहिल्यापासूनच आहे.”

“पानं वाजायची,” ताई म्हणाली, “मला वाटायचं, कुणीतरी सारखं अंगण झाडतंय.”

सुतळी हाताला गुंडाळत नलिनी बाहेर आली. आईच्या ताटातले तांदूळ तसेच पडले होते. आप्पा पुढचं दार लावायला उठले होते.

“राहू द्या, आप्पा,” ती म्हणाली. भाषणाचा आवाज तिनं लावला नाही, तो लागलाही नसता. “खालची दोरी आता मी बांधू देणार नाही. आणि उद्या शाळेत सांगणार आहे, आम्ही दोघी बहिणी आहोत.”