उजवा कौल

निंबर्ग्याच्या बीरप्पाला काही विचारायचं असेल तर तोंड उघडायचं नसतं. पुजारी ईरण्णा देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेलं कण्हेरीचं एकेक फूल चिकटवतो. विचारणाऱ्यानं डोळे मिटून मनातल्या मनात विचारायचं आणि गप उभं राहायचं. उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर देव हो म्हणाला, डाव्यावरचं पडलं तर नाही म्हणाला. विहीर कुठं खोदावी, म्हैस घ्यावी की नाही, थोरल्यानं पुण्याला जावं की हैदराबादला, सगळं गाव या दोन फुलांवर चालायचं. ना वकील, ना तारखा. असा न्यायाधीश आळंदच्या कोर्टात शोधूनही सापडला नसता.

नागप्पाची भाग्यलक्ष्मीही हेच बघत मोठी झाली. तिच्या आजोबांनी मेंढरं विकून जमीन घेतली, ती याच कौलावर. त्यामुळं फुलावर शंका घ्यायचं तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते खूळ आळंदच्या कॉलेजात शिरलं, संख्याशास्त्राच्या तासाला.

शिकवायला शिवकुमार सर होते. शिकवायचे कानडीत, सूत्रं इंग्रजीत, आणि मागच्या बाकांवरच्या मराठी पोरींसाठी अधूनमधून एखादं वाक्य मराठीत टाकायचे. एकदा त्यांनी विचारलं, नाणं उडवलं तर छापा पडायची शक्यता किती? वर्ग ओरडला, अर्धी. सर म्हणाले, "बरं. उद्या मी कॉलेजला येईन, न्हाईतर येणार न्हाई. मग हे पण अर्धं अर्धंच का?" वर्ग हसला, कारण सर तापानं फणफणले तरी यायचे. "दोन गोष्टी हायत म्हणून दोन्हीची पारडी सारखी नसतात," सर म्हणाले. "आधी मोजा, मग बोला."

दुसऱ्या पोरींनी ते वहीत उतरवलं. भाग्यलक्ष्मीनं मनावर घेतलं. श्रावणात बीरप्पाकडं कौल मागणाऱ्यांची रीघ लागते. ती रोज कॉलेजहून आली की देवळाच्या ओट्यावर बसायची आणि मोजायची. महिनाभरात तिच्यासमोर चाळीस कौल झाले. त्यातले एकतीस उजवे.

एकतीस म्हणजे फार झाले. देव निंबर्गेकरांवर एवढा प्रसन्न असता तर गावातली निम्मी घरं कुलूप लावून पुण्या-मुंबईला कशाला गेली असती? ती आत जाऊन निरखून बघू लागली आणि एका दिवसात तिला कळलं. देवाच्या उजव्या अंगाला साखळीला नंदादीप टांगलेला होता, खांद्याच्या अगदी जवळ. त्याच्या उबेनं उजवीकडचं फूल आधी सुकायचं आणि गळायचं; डावा पडायचा तो तेल सरून दिवा मंदावला असेल तेव्हाच. बस, एवढंच. पहिल्यांदा तिला भीती वाटली. मग तिला गंमत वाटली. तिनं हे कोणाला सांगितलं नाही, सरांनाही नाही.

त्याच वर्षी सरांनी फळ्यावर देवळातल्या घंटेसारखी एक रेघ काढली. मधे फुगीर, दोन्ही कडांना उतरत उतरत जमिनीला टेकायला आलेली. माणसांची उंची घ्या, कणसांचं वजन घ्या, बहुतेक सगळे मधल्या फुगवट्यात असतात, कडेला एखाददुसरा. याला नॉर्मल म्हणतात. भाग्यलक्ष्मीनं घरी येऊन आपल्या गल्लीतल्या पोरींची लग्नाची वयं मांडली, तर तशीच घंटा झाली. सतरा-अठराला सगळा फुगवटा. ती स्वतः एकोणीस पूर्ण करत आली होती, आणि अजून तीन वर्षं शिकायचं म्हणत होती. म्हणजे रेघ जिथं जमिनीला टेकायला येते तिथं, एकटी. कडेला उभं राहिल्याचा तिला तेव्हा अभिमानच वाटला.

कडेला उभं राहू देईल ती आई कसली! रेणुकाबाईंचं तुणतुणं रोज सुरू असायचं. "चार पोरीसारखं व्हाव की गं. कामून येगळं करायलीस?"

उन्हाळ्यात निकाल लागला. संख्याशास्त्रात ती कॉलेजात पहिली आली. आता गुलबर्ग्याला डिग्रीला जायचं, हॉस्टेलात राहायचं, पुढं सरांसारखं शिकवायचं, हे तिचं ठरलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात भोसरीचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत मशीनवर, सासर मूळचं इकडचंच, देण्याघेण्याचा हट्ट नाही. रेणुकाबाई हरखल्या. नागप्पा मात्र म्हणाला, "बघू."

त्या 'बघू'वर तीन आठवडे गेले. नागप्पा तसा वाईट माणूस नव्हे. पोरीचा निकाल त्यानं चावडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना सांगितला होता. पण त्याला आयुष्यात ठरवायची सवयच नव्हती. बायको एका बाजूनं ओढी, पोर दुसऱ्या बाजूनं, आणि तो मधे मान खाली घालून भाकरी खाई. प्रवेशाचा शेवटचा शनिवार जवळ आला तेव्हा भाग्यलक्ष्मीनंच डाव टाकला.

"अप्पा, तुमच्यानं ठरंना झालंय तर देवाला इचारा की."

नागप्पानं घास तसाच हातात धरला. "तुला चालंल?"

"देव दील ते."

"मागनं रडायचं न्हाई बघ."

"न्हाई रडत," ती म्हणाली, आणि मान खाली घालून ताटं उचलली, कारण तिला हसू येत होतं. चाळिसात एकतीस. कोणत्या परीक्षेला एवढ्या खात्रीनं ती कधी बसली नव्हती.

गुरुवारी सकाळी बाप-लेक देवळात गेले. ईरण्णानं नंदादीपात तेल घातलं, वात पुढं ओढली, फुलं बुडवून खांद्यांवर चिकटवली. नागप्पानं नारळ ठेवला आणि डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. भाग्यलक्ष्मी खांबाला टेकून दिव्याकडं बघत होती. बापाची तिला दया आली, आणि थोडी लाजही वाटली. पण तिनं काही खोटं केलं नव्हतं. दिवा तिनं टांगला नव्हता.

थोड्या वेळानं उजवीकडची कण्हेर कडेनं मुरडली, हलली आणि खाली पडली.

"उजवा!" ईरण्णा म्हणाला आणि घंटा वाजवली.

भाग्यलक्ष्मीचा ऊर भरून आला. गुलबर्ग्याची बस, हॉस्टेलची खिडकी, सगळं क्षणात डोळ्यांसमोर उभं राहिलं. ती बापाच्या पाया पडायला वाकली. नागप्पानं डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तिथंच राहिला.

"उजवा दिला बघ, बाई," तो म्हणाला. "आता उजवून टाकतो तुला. भोसरीवाल्याला सांजच्याला निरोप धाडतो."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"अप्पा, तुमी काय इचारलं?"

"काय इचारू? लग्नाची पोर घरात हाय. पोर उजवू का, म्हणून इचारलं."

आपल्या भाषेत पोरीचं लग्न लावून देण्याला उजवणं म्हणतात. निंबर्ग्यात लग्नाच्या पोरीबद्दल देवाला हाच एक प्रश्न विचारतात. तो शब्दच उजव्या खांद्यावर बसलेला आहे, वर्षानुवर्षं. घरात तीन आठवडे 'शिकवायचं का' यावर वाद चालला होता म्हणून बाप देवाला तेच विचारील, असं ती धरून चालली. फुलं मोजली, दिवा शोधला, टक्केवारी काढली. प्रश्न बापाचा असतो आणि तो मनातच असतो, एवढं लहान पोरालाही ठाऊक असलेलं ती विसरली.

"परत इचारा," ती कशीबशी म्हणाली. "दुसऱ्या तऱ्हेनं."

"देवाला दोनदा इचारत न्हाईत." नागप्पा खाली बसला. "खरं सांगू? मला वाटलं, डावा दील. डावा द्यावा, म्हणूनच उभा व्हतो. डावा दिला असता तर तुझ्या मायला म्हणलो असतो, देवच नगं म्हणायलाय. शनिवारी तुला घिऊन गुलबर्ग्याला जायाचं ठरीवलं व्हतं म्या."

हे ऐकलं आणि तिचा धीर सुटला. तिच्या बाजूनं बाप होता, आणि तिनंच त्याला हाताला धरून इथं आणलं होतं. दिव्याकडं बोट करून ती ओरडली, "अप्पा, ह्यात देव न्हाई! त्या दिव्यानं उजवं फूल आधी वाळतंय. म्या मोजलंय. कोण बी, काय बी इचारू द्या, उजवाच येतोय!"

ईरण्णानं कानांवर हात ठेवले. नागप्पानं दिव्याकडं पाहिलं, फुलाकडं पाहिलं. अडाणी असला तरी बाप हुशार होता, त्याला समजायला वेळ लागला नाही.

"हे तुला ठावं व्हतं?"

तिनं खाली पडलेलं फूल उचललं.

"उजवाच येणार, हे ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग कामून आणलीस मला हितं?"

बाप उठला. नारळ त्यानं देवापुढंच राहू दिला, आणि तिच्याकडं न बघता चप्पल पायात घातली.

"मला फसवलीस ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "म्या तुझ्यासाठी देवापुढं रडलो गं."

त्या दिवसानंतर नागप्पानं 'बघू' म्हटलं नाही; त्याच संध्याकाळी भोसरीला निरोप गेला. शनिवार आला तसा गेला. रेणुकाबाईंनी पापडाचं पीठ भिजवलं, भोसरीहून माणसं येऊन सुपारी फोडून गेली. लग्नाआधी रीतीप्रमाणं नवरीला बीरप्पाच्या दर्शनाला नेलं. देवळात कोणीतरी पोराच्या नोकरीचा कौल लावून डोळे मिटून उभं होतं. भाग्यलक्ष्मी हळदीच्या हातांनी पाया पडली आणि लगेच वळली. ती पायरी उतरत असताना मागं घंटा वाजली आणि ईरण्णा म्हणाला, "उजवा!"