सतरा नंबरची प्लेट

गुरुवारी सकाळी इनक्युबेटर उघडला तेव्हा सतरा नंबरची प्लेट खोकली. मग उरलेल्या एकोणतीस प्लेट्सही बोलू लागल्या. सदतीस अंशांच्या उबेत दोन दिवस प्लेटमध्ये वाढवली की पेशंटच्या तोंडातली बुरशी ज्याची त्याच्याच आवाजात बोलते. मला त्याचं नवल वाटलं नाही. आता हे सगळे तक्रार करणार, एवढीच धास्ती वाटली.

सतरा नंबर केराबाई सुतारांचा. वय अडुसष्ट, वरखाली कवळी, टाळूवर पांढरा थर. आमच्या डेंटल कॉलेजात मीच कापसाची काडी फिरवून त्यांच्या टाळूवरची बुरशी घेतली होती.

"डॉक्टरीणबाई," प्लेट म्हणाली, "दुसरी चकती कुटं ठेवलीसा?"

आमचा प्रयोग गवती चहाच्या तेलाचा. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून अल्कोहोलमध्ये मिसळायचं, टिकलीएवढी कागदी चकती त्यात बुडवायची आणि बुरशीवर ठेवायची. बुरशी मेली की चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. शेजारी नुसत्या अल्कोहोलची दुसरी चकती ठेवायचीच असते, नाहीतर बुरशी कशाने मेली ते कसं कळणार? पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे मी शिकवते. आणि तीस प्लेट्समध्ये मीच ती विसरले. लक्षात आलं तेव्हा वहीत लिहून टाकलं : नुसतं अल्कोहोल, परिणाम शून्य. अक्षर मात्र छान काढलं होतं.

कारंडे मॅडम आत आल्या. त्या माझ्या गाइड.

"यांचा आवाज कमी कर, वैजयंती. बाहेर पेशंट बसलेत."

"मॅडम, मला एक सांगायचं होतं."

"माहितीये. बावीस मिलिमीटरचं वर्तुळ. इतका सुंदर रिझल्ट मी वीस वर्षांत पाहिला नाही. सुतारबाईंना आजपासून हेच लावायचं."

सोललेल्या टाळूवर अल्कोहोल म्हणजे जखमेवर तिखट. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मॅडम माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, आणि मला ते कौतुक सोडवेना. याची मला आजही लाज वाटते.

त्या पाठमोऱ्या झाल्या तेव्हा मी नुसत्या अल्कोहोलची चकती सतरा नंबरच्या प्लेटमध्ये ठेवली. दोन दिवस लागायला हवे होते, दोन क्षण लागले. वर्तुळ उघडलं. मी मोजपट्टी लावली. बावीस. तेलाच्या चकतीइतकंच, म्हणजे तेलाने काहीच केलं नव्हतं. प्लेट "बाई, आता तरी" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली.

"सांगा की," बाकीच्या एकोणतीस जणांनी म्हटलं.

मी ताबडतोब सांगितलं नाही, तशा भिंती जवळ आल्या. आधी टेबलं गेली, मग खिडकी. शेवटी खोलीत एक खुर्ची आणि मॅडम आणि मी, आम्हा दोघींपुरती जागा उरली. दार उघडून केराबाई आल्या आणि खुर्चीत बसल्या. कवळी त्यांनी रुमालात बांधून आणली होती.

"चार म्हैनं झालं, भाकरीचा तुकडा लागला तरी जीव जातोय," त्या म्हणाल्या. "थोरल्या डॉक्टरांनी कायतरी लावाया घेतलं तर मी न्हाई म्हणीन. तुमचा हात हलका हाय. तुमीच लावा."

"मावशी, थांबा," असं मला म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. आत माझी जीभ कोरडी, पांढरी आणि गोल झाली होती. बोटाने चाचपून पाहिली, तर कागद.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या, "चकत्या संपल्याच होत्या."

त्यांनी चिमट्याने ती अलगद उचलली. मला दुखलं नाही. तेल मिसळलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत बुडवली, बाटलीच्या काठावर निथळू दिली आणि केराबाईंच्या टाळूवर नीट मधोमध ठेवली.

"मिटा तोंड."

केराबाईंनी तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडातून माझा आवाज येऊ लागला, अगदी गोड आवाज. "झोंबणार नाही, मावशी," तो म्हणत होता. "अजिबात झोंबणार नाही." केराबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि माझ्याकडे बघत त्या मान हलवून हो म्हणत होत्या.