पुढची फळी

दामूने नवी टाकी होडीच्या मागच्या कोपऱ्यात ढकलली, गुडघ्याने दाबून धरली आणि पट्टा आवळला. मग इंजिनापाशी बसून पाहिलं, तर होडीचं तोंड वर. पेट्रोल मागे, इंजिन मागे, मालकही मागे; पुढे कोणीच नाही.

काठावर चिंचेखाली ठमी बसली होती. लग्नापासून पुढची बसायची फळी तिची, बायकोची. जाळं तिने सोडायचं, पाण्याखालचा खडक तिने हाताने दाखवायचा, आणि दामूने मागून म्हणायचं की मलाही दिसला होता. अलिबागच्या दवाखान्यातून आल्यापासून ती होडीत चढली नव्हती. हृदय थकलंय, आता फार आशा धरू नका, हे तिथे दोघांनाही एकमेकांच्या नकळत कळलं होतं. घरात माणसं दोन आणि गुपित एकच; तरी दोघंही ते एकमेकांपासून जपून ठेवत होती.

जुनी पत्र्याची टाकी गंजून गळू लागली, म्हणून रोह्याच्या सुजय मेकॅनिककडून ही प्लास्टिकची आणली होती. ही मोठी आहे, मागे ठेवलीत तर खाडीत एखाद्या लाटेला होडी उलटेल, असं सुजयने बजावलं होतं. पुढची फळी काढायची आणि तिथे टाकी पक्की करायची. त्यासाठी त्याने इंजिनापर्यंत पुरेल असा पाइपही लांब दिला होता.

"तोंड बघ कुठं गेलंय," ठमी म्हणाली. "आभाळातलं मासं धरणार हायेस?"

दामू म्हणाला, पुढे वाळूची गोणी ठेवतो. गोणी सरकेल, ठमी म्हणाली, त्यापेक्षा टाकीच पुढे का नाही?

"पाइप पुरत नाय."

दामूला खोटं बोलायचा सराव नव्हता. बोलताना हात कानाकडे जायचा, तसा आताही गेला. ठमीने पाइपकडे पाहिलं. टोक ताजं होतं, कोयत्याने तिरकं छाटलेलं. उरलेला तुकडा सकाळी तिला सरपणामागे दिसला होता, नीट गुंडाळून ठेवलेला. चोरी करतानाही काही वाया घालवायचं नाही, असा हा माणूस.

"पाइप तू कापलास."

तो पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"मग तू कुठं बसशील गो?" तो शेवटी म्हणाला. "थंडी सरली की येशीलच ना."

ठमी उठली. पदर खोचला आणि हात पुढे केला.

"चढव मला."

डॉक्टर, एवढंच दामूच्या तोंडून निघालं आणि पुढचं त्याने गिळलं. ते गिळणं ठमीने ऐकलं. त्याने तिला काखेत धरून आत घेतलं, तेव्हा ती किती हलकी झालीय ते त्याच्या हातांना कळलं. तरीही ती फळीवर बसताच होडीचं तोंड बरंचसं खाली आलं.

होडी काठाला बांधलेलीच होती. भरतीचं पाणी तिला थोडं हलवत होतं. ठमीने सवयीने पाण्यात पाहिलं आणि उजवा हात वर केला. तिथे खडक नव्हता. दामूने तरीही होडी डावीकडे न्यायची तसा बंद इंजिनाचा दांडा वळवला.

ठमीने हात खाली घेतला.

"उतरव आता," ती म्हणाली. "तो तुकडा जोडायला सुजयकडं सांधा मिळंल. तवर ही फळी काढ, टाकी बसवून घे. घट्ट बसव. एकटा असशील तू."

तिला काठावर उतरवून दामू पाना घेऊन बसला. फळीचे नट गंजलेले, फिरताना करकरत होते. ठमी वाडीचा चढ चढू लागली. ती दम खायला थांबली की करकर थांबायची. निघाली की पुन्हा सुरू व्हायची. असं दोन-चारदा झालं.

आपण थांबलो की तोही थांबतो, हे ठमीला कळलं; तिने वळून पाहिलं नाही. पुढे दम लागला, तरी ती थांबली नाही. हळूहळू चालत राहिली, मागे नट पुरते निघेपर्यंत.